उशिरा पोचलेला अर्ज

सांडोरमधल्या आमच्या घरमालकांना एका जागी बसलेलं पाहिलं असं कुणी म्हणालं, तर त्याने दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलं, हे मी छातीठोकपणे सांगतो. जेवणसुद्धा ताट हातात घेऊन, ओटीवर येरझारा घालत. जन्मभर बोटीवर नोकरी. थांबलेली जमीन पायांना पटतच नसावी. अशाच एका सफरीत जपानच्या बंदरात त्यांना एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं. तीन गावं आणि टेकडीवरचा एक किल्ला एवढीच दौलत असलेल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या सामुराई घराण्याचा इतिहास. झालं! लग्नच न केलेल्या माणसाला एकदम अख्खं खानदान लाभलं.

तो इतिहास मराठीत आणायचा त्यांनी चंग बांधला आणि अक्षर बरं म्हणून लेखनिक नेमलं मला, शाळामास्तर भाडेकरूला. मालक केळीला पाणी सोडत सांगायचे, मी वही घेऊन चिखलातून मागे. "लिहा मास्तर, तिसरे धनी घोड्यावरून पडले... थांबा, पाट फुटला!" अर्ध्या लढाया अशा वाहून गेल्या. नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत वाचायला गावातले लोक आपापल्या पूर्वजांची नावं देतात. मालकांनी सगळे सामुराई दिले. फादर हबकले. "हे ख्रिस्ती होते का?"

"ते विचारायचं राहिलं," मालक म्हणाले, "पण त्यांच्यामागे कुणी उरलं नाही हो, फादर."

फादरांनी बिचाऱ्यांनी वाचली. अडखळले तिथे मालकांनी भर मिस्सेत उच्चार सुधारले.

शेवटचं प्रकरण मात्र होईना. शेवटच्या धन्याला मूल नव्हतं. पुतण्याला दत्तक घ्यायचा अर्ज तो आज करू, उद्या करू म्हणत राहिला. अर्ज राजधानीत पोचला तेव्हा हा गेलेला. सरकारने घराणंच बुडवलं. "एक अर्ज, मास्तर! एक अर्ज वेळेवर करता येऊ नये?" असं म्हणत मालक तरातरा बागेच्या टोकाला जायचे आणि लिहायचं राहायचं.

एकदा तिथूनच त्यांनी विचारलं, "माझ्यामागे ह्या वह्या कोण सांभाळणार हो?"

'मी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण परक्याने कसं म्हणावं? म्हटलं, "आधी पुरं तर करू." माझ्या त्या शहाणपणाचा मला अजून राग येतो.

पुढच्या पावसाळ्यानंतर मालक गेले, बागेतच, चालता चालता. नोव्हेंबरात मी वहीतली नावं उतरवली, शेवटी मालकांचं लिहिलं आणि चर्चमध्ये गेलो. फादर नवे होते. त्यांनी ती लांबलचक यादी पाहिली, मग माझ्याकडे.

"तुम्ही यांचे कोण?"

भाडेकरू म्हणणार होतो. तोंडून निघालं, "दत्तक."

अर्ज उशिराच आला, मालक.