पडायला शिकलेली घोडी

पडद्यावर लढाई चालू होती. पांढरी घोडी भरधाव आली, पुढचे पाय अडकून तोंडावर कोसळली, आणि तिचा एक डोळा क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. शेजारी बसलेल्या आईने माझं मनगट घट्ट धरलं.

त्या घोडीला मी ओळखत होतो. कोल्हापूरजवळच्या माळावर त्या शूटिंगला मी कपडेपट सांभाळत होतो. घोडीचे मालक अण्णा स्वतःच सैनिकाच्या वेशात तिच्यावर बसायचे. त्यांनी डावा लगाम ओढला की ती गुडघे दुमडून अलगद अंग टाकायची, आणि मानेवर थाप पडेपर्यंत उठायची नाही. पडायच्या जागी अण्णा आधी आपल्या हाताने भुसा पसरायचे.

"झोपायला आल्यासारखी पडतेय," दिग्दर्शक म्हणाले. "खरं वाटत नाही."

मग वाटेत तार बांधली. अण्णा नाही म्हणाले नाहीत. त्यांचा फेटा मी बांधला आणि चहा घेऊन बघत उभा राहिलो. शॉट छान झाला म्हणून टाळ्या पडल्या, तेव्हा अण्णा धुळीत बसून तिच्या मानेवर थाप देत होते. बराच वेळ देत होते.

आपल्याला सिनेमात सगळं खरं हवं असतं, आणि ते खरं नाही याची खात्रीही हवी असते.

"लागलं असेल का रे तिला?" आईने विचारलं.

"नाही गं. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर करतात."

तिने माझं मनगट सोडलं.

"बाई, किती खरं वाटतं," ती म्हणाली.