वाडग्यातलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हा विषय टाळूनच जोडले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या जाऊबाईंना ओळखत नाही — आणि ओळखत असता तर तुम्हीही त्यांचीच बाजू घेतली असती. सगळेच घेतात.

सशांबद्दल सांगायचं आहे. पण आधी तहानेबद्दल सांगावं लागेल.

माझी पूनम झाली तेव्हाची गोष्ट. मेडशीला आमचं एकत्र घर, दोघे भाऊ, दोघी जावा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून बाळंतपण जाऊबाईंच्या हाती. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका बाळंतिणीचं पाणी तोडतात — पोट सुटतं म्हणतात, बाळाला सर्दी होते म्हणतात. जाऊबाईंनी ते इतकं मन लावून पाळलं, की काय सांगू! ओवा घालून उकळलेलं पाणी, सकाळी फुलपात्रभर आणि संध्याकाळी फुलपात्रभर. बस. दिवस चैत्राचे, वर पत्रे तापलेले, खाटेखाली शेगडी. मी मागायचे, रडायचे, आणि त्या माझे केस मागे सारत म्हणायच्या, "सोस थोडं, शोभा. तुयाच भल्याचं हाय."

एकदा पूनमच्या अंघोळीसाठी काढलेलं कोमट पाणी मी ओंजळीनं प्यायले. त्यांनी ते पाहिलं, आणि बादली उचलून नेली. हे मी विसरेन? तुम्ही विसरला असता?

दूध आटलं. मग बाटली आली, आणि बाटली धरायला जाऊबाईंची मांडी. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, हिच्या अंगावर दूधच नाही. पोर त्यांची झाली. गुडघा फुटला तरी पूनम माझ्या अंगावरून धावत "मोठीआई" करत त्यांच्याकडे जायची. मी भाकऱ्या थापत बसायचे. राग नव्हता, असं मी म्हणणार नाही. होता, आणि मी तो नीट झाकून, जपून ठेवला होता.

पूनम मोठी झाली, शाळेत जायला लागली, तसे जाऊबाईंचे हात रिकामे झाले. तेव्हा त्यांनी ससे पाळायचं काढलं. आसेगावचा एक माणूस ससे विकायचा. हौसेनं पाळणारे लोक पिल्लं घेऊन जातात, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. गोठ्यामागे त्यांनी पिंजरे करून घेतले, वर तुराट्यांची सावली केली. नेमका त्यांचा पाय मुरगळला, म्हणून जनावरं आणायला नवऱ्याबरोबर मी गेले.

तो माणूस मोठा बोलका. कधी काय खायला घालायचं, मादीला पिल्लं व्हायच्या आधी पिंजऱ्यात खोका कसा ठेवायचा, ती पोटाचे केस उपटून त्यात कशी गादी करते — सगळं समजावलं. आणि निघताना, नवरा जनावरं घेऊन पुढे गेल्यावर, मला परत हाक मारून म्हणाला, "बाकी काही भुलले तं चालन, पाणी भुलू नका. पिल्लं देतानी वाडगं भरून पायजे. तहानेनं मादी आपलीच पिल्लं खाते."

मी ऐकलं. नीट ऐकलं.

घरी जाऊबाई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. एकेक विचारत गेल्या, मी एकेक खरं सांगत गेले. चारा खरा सांगितला. खोका खरा सांगितला. मग त्यांनी विचारलं, "अन् पाण्याचं काय म्हने?"

आता सांगते. मी म्हणाले, "बाळंतिणीसारखंच ठेवा म्हने, बाई."

झालं. एवढंच वाक्य. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते लगेच पटलं. पटणार नाही तर काय!

पहिल्या मादीचे दिवस भरले ते ऐन उन्हाळ्यात. तिनं गादी केली तेव्हा जाऊबाईंना काय आनंद — मला हात धरून दाखवायला नेलं. ते पांढरे केस, आणि त्यात हलणारी लाल, आंधळी, बोटाएवढी पिल्लं. त्यांनी ओव्याचं पाणी उकळून, निववून, वाडग्यात घातलं. तळ झाकेल इतकं.

दुपारी मी हापशावरून येत होते. वाट पिंजऱ्यांवरूनच. मादी रिकाम्या वाडग्याचा तळ चाटत होती. चाटायची, थांबायची, तारेला तोंड लावायची, पुन्हा चाटायची. मी थांबले. तिच्या जागी कोण आहे हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. माझ्या कमरेवर भरलेली कळशी होती. नुसती कलती केली असती तरी पुरलं असतं.

मी पुढे गेले. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. आता बघा, असं मनात म्हणाले.

संध्याकाळी जाऊबाईंच्या ओरडण्यानं सगळे धावले. काही पिल्लं तिनं खाल्ली होती. उरलेल्यांना तिनं जवळच घेतलं नाही. जाऊबाई कापसाची वात बकरीच्या दुधात बुडवून त्यांच्या तोंडाला लावत बसल्या. जेवल्या नाहीत. ती पिल्लंही गेली.

इथे थांबले असते तर निदान एकदाच केलं असं म्हणता आलं असतं. पण दुसरी मादी गाभण होती. जाऊबाईंना वाटलं, पहिलीला पाणी जास्तच झालं असेल. दुसरीला आणखी कमी दिलं. मी बघत होते. दुसरीनंही तेच केलं.

मग शेजारणी बोलायला लागल्या. वांझेचा हात लागला, जनावरालाही सुख नाही — असं, आमच्याच ओट्यावर बसून, माझ्यासमोर. मी तूर निवडत होते. मान वर केली नाही. जाऊबाईंनी आत सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ससे देऊन टाकले, पिंजरे मोडले, आणि पुढे कुणाचं लेकरू कडेवर घ्यायचं तर आधी त्याच्या आईच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

यंदा पूनम बाळंतपणाला आली. नर्सबाईंनी बजावलं — पाणी भरपूर पाजा, पाण्यावरच दूध येतं. जाऊबाई ऐकत राहिल्या. तेव्हापासून पूनमच्या उशाशी तांब्या त्याच भरतात. एका दुपारी तिच्या खाटेपाशी बसल्या आणि एकाएकी माझा हात धरला.

"शोभा, तुयी तहान मी या डोयानं पाह्यली होती. मंग त्या मुक्या जनावराचीबी पाह्यली. सशेवाल्यानं सांगतलं असन तसं, पन मले समजाले नोको होतं काय? माफ कर मले."

त्या रडत होत्या. म्हातारा झालाय त्यांचा चेहरा. ही वेळ होती — याहून सरळ वेळ कुणाला मिळते? शब्द ओठांपर्यंत आले होते. मी गिळले, आणि म्हणाले, "जाऊ द्या, बाई. झालं ते झालं."

माफ केलं! मी, त्यांना!

खाटेवरून पूनम माझ्याकडे बघत होती. माझ्या लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे तसं पाहिलं. "आई," ती म्हणाली, "तुयं मन लय मोठं हाय."

तेही मी घेतलं. जाऊबाईंनी डोळे पुसले, तांब्या उचलला, आणि माझ्यासाठी पेला काठोकाठ भरला. मी तो सगळा प्यायले.