धुऱ्यावरची सर्पगंधा

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, पोरींनाही नाही. तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. गावातल्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही.

घाटंजीकडच्या आमच्या गावात माझं आणि धाकट्या जावेचं, सुमनचं, शेत लागून आहे. मधे सामाईक बांध — आम्ही त्याला धुरा म्हणतो. धुऱ्याच्या टोकाला, नाल्याजवळ, बेहड्याच्या सावलीत सर्पगंधेची गुडघाभर झुडपं होती. पूर्वी रानात पुष्कळ असायची म्हणे. मुळ्या औषधाला जातात, म्हणून लोकांनी रान खणून खणून ती संपवली. आमच्या धुऱ्यावरची तेवढी राहिली, कारण सुमन कोणाला हात लावू देत नसे.

एकदा कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. झुडपांपाशी बसूनच राहिल्या. म्हणाल्या, ही जात धोक्यात आहे, या भागात आम्हाला दुसरीकडे कुठेच सापडली नाही, जपा. मग शाळेची पोरं बघायला आली, गुरुजींनी सुमनला बोलायला उभं केलं. पेपरात फोटो आला — तिचा एकटीचा.

सुमन विधवा. माझा दीर गेल्यापासून तिला गावात कोणी काही विचारत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं — मीही नाही. आणि आता लोक तिचं घर विचारत यायचे, तेही माझ्या दारात! धुरा काय तिच्या एकटीचा होता? माझ्या पोटात दुखायला लागलं. अन्न गोड लागेना. माझं गेलं काय होतं? काहीच नाही. हेच तर लाजिरवाणं आहे.

त्या साली कपाशीवर पिठ्या ढेकूण आला. पिठासारखी पांढरी कीड, उभं झाड वाळवून टाकायची. कृषी खात्याचे लोक सांगून गेले, धुरे साफ करा, ही कीड तणावर दडते. ते खरंच होतं. आणि मी — सांगते, थांबा — भरदुपारी, शेतात कोणी नसताना, माझ्या कपाशीच्या किडक्या काड्या तोडल्या आणि ती कीड सर्पगंधेच्या पानांवर, देठांवर बसवली. हातानं. बोटं चिकट झाली होती. मग गावातली माणसं बोलावून आणली. पाहा म्हटलं, रोग इथून येऊन राह्यला.

माणसं तर कारणच शोधत होती. कोणाच्याच शेतात धड काही उरलं नव्हतं. सुमन आडवी आली, मॅडमला विचारा म्हणाली. कोण ऐकणार? शेवटी तिलाच कुदळ घ्यायला लावली. वर मी ओरडले, "मुया ठेवू नको, परत फुटतीन!" तिनं मुळ्यासुद्धा काढल्या आणि तिथंच पेटवल्या.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. वाकून पाय धरले. "जाऊबाई, माह्या झाडापायी तुमचं पीक गेलं. मले माफ करा."

आणि मी तिला माफ केलं! चहा दिला. खोटं कशाला बोलू — तेव्हा मला बरं वाटलं.

कीड काही थांबली नाही. पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा आल्या. माती उकरून पाहिली, कुठे कोंब नव्हता. म्हणाल्या, आता या भागात सर्पगंधा उरली नाही असंच धरावं लागेल. सुमन मान खाली घालून म्हणाली, "माह्याच हातानं खणली जी." मी शेजारीच उभी होते. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं होतं, नाही का? मी नाल्याकडे बघत राहिले.

आता सुमन थकली आहे. तरी दरवर्षी विळा घेऊन ती धुरा साफ करते — तिच्या बाजूचा, आणि मग माझ्या बाजूचाही. माझं नुकसान केलं म्हणून. मी तिला अजून एकदाही नको म्हटलेलं नाही.