चहाच्या चोथ्याखालची माती
माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मावशींनी तीस वर्षं एकच काम केलं. मातीवर आम्लाचा थेंब टाकायचा आणि ती फसफसली तर चुना आहे असं लिहायचं. जीव नुसता विटून गेला होता. चहाचा चोथा मात्र त्या रोज मागच्या झाडाखाली टाकत. नोकरी लागली तेव्हा तिथली माती थेंबाखाली ढिम्म राहिली होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तीच पुन्हा तपासली, तर चांगली फसफसली.

"चोथा कुजला, वायू सुटून पाण्यात मुरला. मातीतल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडून हे चुन्याचे पांढरे कण झाले," त्यांनी नव्या साहेबांना सांगितलं.

"म्हणजे तीस वर्षांत काहीतरी साठलं की, मावशी!"

"साठलं होतं हो," तपासलेल्या मातीची बशी विसळत त्या म्हणाल्या. "आत्ता थेंब टाकून मीच उडवलं."