तोंड मिट, बोटं दे

चाचांनी मला फसवलं. दर सालाला पाच पोती जोंधळा आणि वर एक दुभती म्हैस त्यांनी माझ्याकडून काढून घेतली, तेही समोरच्यानं काही मागितलेलं नसताना. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हीच म्हणाल, हा तक्रार करायला बसलाय की गोडवे गायला?

चाचा गुळाचे दलाल. खांद्यावर कायम एक धुवट पंचा. सौदा सुरू झाला की तो स्वतःच्या आणि समोरच्याच्या हातावर टाकायचे आणि म्हणायचे, "तोंड मिट, बोटं दे." पंच्याखाली एक बोट धरलं की एक रुपया, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. ढेपांभोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. मग चाचा दुसऱ्याकडे जायचे आणि तिथं पंचा टाकायचे. या हातातलं त्या हाताला ते कसं सांगत, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. विचारायची पद्धत नव्हती.

एकदा महाराजांचा खडखडा, त्यांची ती घोड्यांची गाडी, पेठेतून चालला होता. सगळे उठून मुजऱ्याला वाकले. चाचांचा उजवा हात पंच्याखाली एका व्यापाऱ्याच्या हातात. त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "महाराज, उजवा सौद्यात अडकलाय." महाराज मोठ्यानं हसले आणि खडखडा पुढे गेला. मुजऱ्यासाठी सौदा सोडला असता तर त्या व्यापाऱ्यानं नंतर भाव नाकबूल केला असता, हे चाचा मला आठवडाभर समजावत होते.

मी त्या पेठेत हमाल म्हणून आलो. पाठीवर ढेपा वाहिल्या, पोत्यांवरच्या खुणा बघत अक्षरं शिकलो आणि दहा वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, पण डोकं लवकर तापायचं. मी पंच्याखाली वेडावाकडा भाव दिला की चाचा माझ्या तळहाताला करकचून चिमटा काढायचे. वरून चेहरा असा, की जणू जोतिबाच्या डोंगरावरचे ढग बघताहेत.

"तू वरडलास की समोरचा चढतो," ते म्हणायचे. "म्हागात पडतंय तुझं तोंड तुला."

किती महागात, ते घरी कळलं.

आमचा संसार बावीस वर्षांचा. तीन पोरं झाली ती गेली, मग उशिरा तानी झाली. बायकोनं माझं तोंड बावीस वर्षं ऐकून घेतलं. पण तिच्या माहेरून आलेली म्हैस मी एका पन्हाळ्याच्या गिऱ्हाइकाला विकली. भाव चांगला आला होता. तिला विचारायचं राहिलं. खरं सांगायचं तर विचारायचं असतं हेच मला सुचलं नाही. संध्याकाळी ती धारेची चरवी घेऊन गोठ्यात गेली आणि तशीच रिकामी परत आली. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या तानीला घेऊन माहेरी, गडमुडशिंगीला निघून गेली. आठ दिवसांनी निरोप आला, काडी मोडून द्या.

आमच्यात तेव्हा तीच रीत. पंचांसमोर गवताची एक काडी नवऱ्यानं आणि बायकोनं दोन टोकांनी धरायची आणि मोडायची. मोडली की लग्न संपलं. पण पंच म्हणाले, काडी शेवटी. आधी पोर कुणाकडं राहणार आणि पोटगी किती, ते ठरवा. पहिल्या बैठकीत मी पागोटं आपटून उठलो. दुसऱ्या बैठकीत सासूनं माझ्या दिशेनं तांब्या भिरकावला. तिसऱ्या खेपेला मी चाचांना बरोबर घेतलं. म्हटलं, आपला माणूस आहे.

गाडीत मी त्यांना माझा डाव सांगितला. "पोर माझी म्हणून अडून बसतो. पोरीसाठी ती काय बी सोडंल. मग म्हणायचं, पोर ठेव, पोटगी इसर. दमडी द्यायची न्हाय."

चाचा बैलांच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

गडमुडशिंगीच्या चावडीत पोहोचल्यावर ते पंचांना म्हणाले, "ह्यो वरडतोय, म्हातारी भांडी फेकत्या. ह्यो सौदा तोंडानं हुयाचा न्हाय. मी पंचा टाकतो." पंच हसले, पण बैठकांना तेही कंटाळले होते. बायको आतल्या खोलीत होती. परक्या पुरुषानं तिचा हात कसा धरायचा? म्हणून तिच्या वतीनं सासू उंबऱ्यावर बसली. चाचांनी दोघांनाही खूण समजावली. मूठ म्हणजे पोर बापाकडं. एक बोट म्हणजे पोर आईकडं आणि सालाला एक पोतं जोंधळा.

पंचा माझ्या हातावर पडला. मी मूठ आवळली.

चाचा उंबऱ्यापाशी गेले. पंच्याखाली बराच वेळ काहीतरी चाललं होतं. म्हातारीनं त्यांची बोटं अशी दाबली की परत येताना ते हात झटकत होते. त्यांनी पुन्हा पंचा टाकला, माझी मूठ उलगडली आणि तीत नुसता मोकळा तळहात ठेवला. कानाशी लागून म्हणाले, "समदं सोडलं तिनं. पोर घिऊन जा म्हणत्या. पोटगी बी नगं. तुजं कायच नगं म्हणत्या."

आयुष्यात एवढा मोठा सौदा मी एवढ्या लवकर जिंकला नव्हता. पण तानीला घेऊन मी काय करणार होतो? तिची वेणी कोण घालणार? दिवसभर मी पेठेत, घराला कुलूप. आणि ही कसली आई, पोर टाकते? मी चाचांचं एक बोट धरलं. ते गेले आणि मान हलवत आले. मी दोन धरली. पुन्हा मान हलवली. तीन. चार. बघा, आईनं आपली पोर ठेवून घ्यावी म्हणून बाप बोटं वाढवत होता. शेवटी मी अख्खा पंजा धरला.

"आनि म्हस?" चाचांनी हळूच विचारलं.

"म्हसबी नवी घिऊन देतो!" मी ओरडलो. सगळी चावडी माझ्याकडे बघायला लागली. उंबऱ्यालगत बसलेले पंचांतले थोरले पाटील पागोट्याच्या शेमल्याआड तोंड लपवून खोकले.

"तोंड मिट," चाचा म्हणाले. मग उंबऱ्यापर्यंत एक फेरी मारून आले. "ठरलं. पोर आईकडं. आनि दर बाजाराला पोर पेठंत तुज्याकडं ईल."

मग बायको बाहेर आली आणि काडी धरली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, तुजं कायच नगं. मी काडीला असा हिसका दिला की तिच्या हातात चिमूटभर तुकडा राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाही.

चाचांनी दलाली घेतली नाही. "ह्या सौद्याला नसती," म्हणाले. दलाली न घेणारा दलाल, तिथंच मला शंका यायला हवी होती.

तानी मात्र एक बाजार चुकली नाही. गावच्या गुळाच्या गाडीतून यायची. चाचा नाक्यावर उभे राहून तिला उतरवून घ्यायचे आणि हाताला धरून दुकानात आणायचे. मग आमच्या दोघांच्या हातावर पंचा टाकायचे. "हं पोरी, तोंड मिट, बोटं दे." ती माझा अख्खा पंजा घट्ट धरायची आणि पाच बत्तासे वसूल करायची. "फसलास की रं," चाचा म्हणायचे आणि त्यातला एक उचलायचे. आठवड्यात एक दिवस माझ्या दुकानात कुणी ओरडत नसे.

तानी सोळाची झाली त्या साली तापाची साथ आली आणि चाचा चार दिवसांत गेले. जनाज्याला मी खांदा दिला. त्यांच्या घरच्यांनी तो पंचा मला देऊ केला. मी घेतला आणि दुकानातल्या खुंटीला लावला.

पुढच्या साली तानीचं लग्न ठरलं. मांडवात माझी एकेकाळची सासू, तानीची आजी, माझ्याशेजारी येऊन टेकली.

"पाच पोती धाडतोस हं येळच्या येळी," ती म्हणाली. "आमी कुटं मागितली हुती?"

"मागितली न्हवती म्हंजे?"

"आमी म्हटलं, नुसती पोर ऱ्हाऊ दे, बाकी तुजं तुला लखलाभ. तर चाचा आलं न् म्हणालं, जावई आपणहून येक पोतं देतोय. मग दोन. मग तीन. मी म्हटलं, येडंबिडं लागलं का काय ह्येला!"

"आनि ती? ती काय म्हणाली?"

"रडली की. म्हणाली, मानूस येवढा वाईट न्हवता. म्हणून तर दर बाजाराला पोर धाडली."

माझा आवाज चढला. "मग काडी मोडायच्या आधी कुणी बोललं का न्हाय? आली असती व्हय ती माघारी?"

म्हातारीनं पानाला चुना लावला, घडी केली, गालात धरली. "ते त्या म्हशीला इचार," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी मी कबरस्तानात गेलो. भांडायलाच गेलो होतो. चाचांच्या मातीवर गवत उगवलं होतं. उगीच एक काडी उपटली. हातात धरून बसलो, मोडवेना.

पाच पोत्यांचं मला काही नाही. म्हशीचंही नाही. तानी मिळाली, दर बाजाराला मिळाली, आणि ते चाचांमुळे हे मी कुठंही सांगेन. पण ती काडी मी रागानं मोडली, आणि तो राग खोटा होता. तिनं माझ्याकडं फक्त पोर मागितली होती हे मला काडी धरण्याआधी कळायला हवं होतं. कळून मी काय केलं असतं, ते माझं मी बघितलं असतं.

चाचा आता बोलणार नाहीत. पण थोरले पाटील अजून आहेत, रोज पारावर बसतात. त्या दिवशी चावडीत ते खोकले. का खोकले? त्यांना ठाऊक होतं, तर ते गप्प का बसले? त्यांनी एकदा पेठेत यावं, माझ्या दुकानासमोर उभं राहावं, आणि चारचौघांत, पंचा न टाकता, तोंड उघडून मला सांगावं.