कटिंग मशीनवरची हाक

माझा दादा बत्तीस वर्षं कटिंग मशीनवर आहे आणि त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. बाइंडिंगच्या धंद्यात याहून मोठं काही नसतं. आमचं मशीन जुनं, मोटरवर चालणारं. गठ्ठा सारखा करायचा, हात काढायचा, मग उजव्या हाताने दांडा ओढायचा, की पातं खटकन खाली. म्हणून दादाचा नियम असा, की दांड्याला हात लावण्याआधी तो ओरडणार, "हात!" मी शेजारी कागद लावते. मी ओरडायचं, "वर!" आणि हात वर करून दाखवायचे. दिवसातून तीनशे वेळा! मी वैतागायचे, "अरे, आपण काय पोलिसांना शरण आलोय का?" तो म्हणायचा, "बोटं गेल्यावर हस."

यंदा त्याला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला. गाठ काढली आणि दर सोमवारी नळीने पिशवीत औषध सोडायला लागले. मंगळवारी विश्रांती, बुधवारी पठ्ठ्या मशीनवर हजर. डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, "झोप कशी?" दादा म्हणायचा, "छान." शेजारी बसून मीही मान डोलवायचे. कशाच्या जोरावर, देव जाणे.

पाचव्या आठवड्यातला बुधवार. सकाळचे अकरा. दादा ओरडला, "हात!" मी "वर!" म्हणत हात उचलले आणि पाहते तर त्याचा डावा हात पात्याखालीच! डोळे टक्क उघडे, आणि उजवा हात दांडा ओढायला निघालेला. मी लाकडी ठोकळा उचलून त्याच्या उजव्या मनगटावर हाणला.

तो दचकला आणि म्हणतो काय, "मारतेस का गं?"

फरशीवर बसत मी म्हटलं, "दादा, तुझा हात बघ कुठे आहे."

त्याने हाताकडे पाहिलं, मग वर पात्याकडे. हळूच हात बाहेर काढला.

मी वहिनीला फोन लावून विचारलं, हा रात्री झोपतो तरी का. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीत आहे. महिना झाला, रात्रभर ते संडासाजवळ खुर्ची टाकून बसून असतात. अर्ध्या अर्ध्या तासाने जावं लागतं." त्यात याचा शहाणपणा ऐका. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं. कारखान्याचा संडास दोन मजले खाली, मशीन सोडून सारखं कोण उतरणार? म्हणून हा दिवसभर कोरडा राहायचा आणि जेवणानंतर तीन लिटर पाणी संपवून मगच आडवा व्हायचा! मी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप कशी?"

"छान," दादा म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. मी ओरडले, "हात!"

त्याचे दोन्ही हात टेबलावरून झटकन वर गेले. डॉक्टरबाईसुद्धा दचकल्या.

"आता खरं सांग," मी म्हटलं.

हात तसेच वर ठेवून तो रडायला लागला. जन्मात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "महिनाभर झोपलो नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही जीव वाचवताय, तुम्हाला झोपेचं गाऱ्हाणं काय सांगायचं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तेच सांगायचं असतं," त्या म्हणाल्या. त्यांनी गोळी लिहून दिली, पाणी दिवसा प्यायला सांगितलं, संध्याकाळनंतर कमी. आणि नीट झोप लागेपर्यंत त्याचं मशीनवर उभं राहणं बंद.

आता कापते मी. दादा शेजारी स्टुलावर बसून पाणी पितो, कुरकुरत दोन मजले उतरतो, चढतो. हाक मात्र अजून त्याचीच.

परवा दुपारी मी गठ्ठा लावला आणि थांबले. हाक येईना. वळून पाहिलं, तर दादा कोऱ्या कागदाच्या थप्पीवर डोकं टेकून चक्क घोरत होता. मालक आत येऊन म्हणाला, "मशीन का थांबलंय? माल आज जायचाय."

"उद्या जाईल," मी म्हटलं आणि मोटर बंद केली. दादाचे हात मांडीवर होते. मी दहाही बोटं मोजून पाहिली.