आग्र्याहून सुटका: सुधारित आवृत्ती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा किस्सा सांगताना शेवटी माझा आवाज बसतो, आणि मग तुम्हालाही चहा गोड लागायचा नाही. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी बरेच पाहिलेत. पण त्यासाठी नाशिकहून आग्र्यापर्यंत जाणारा, आणि तेही राजेशाही गाडीनं, मी एकटाच!

तर मी इतिहासाचा मास्तर. एकतीस वर्षं शिकवलं, आणि त्यात माझा हातखंडा धडा म्हणजे आग्र्याहून सुटका. अहो, काय रंगवायचो! वर्गाची दारं लावून घ्यायची, आवाज खाली आणायचा. "महाराजांनी आजारपणाचं सोंग घेतलं. रोज मिठाईचे पेटारे बाहेर जाऊ लागले. पहिले दोन दिवस पहारेकऱ्यांनी उघडून पाहिले. मग कंटाळले! शेवटच्या दिवशी पलंगावर दुसराच माणूस. अंगावर पांघरूण, बाहेर फक्त हात, हातात महाराजांची अंगठी. आणि पहारेकऱ्यांना निरोप काय? डोकं दुखतंय, गोंगाट करू नका!"

मग मी चष्मा काढायचो आणि विचारायचो, "काय रे, पहारेकरी इतके बावळट कसे?" वर्ग खो खो हसायचा.

घरी शिकवणीच्या पोरांपुढंही हाच प्रयोग. शैला, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरातून ऐकत असायची. हे जरा लक्षात ठेवा.

आता शैलाबद्दल. लग्नानंतर आम्ही आग्र्याला जाणार होतो. तिकिटं काढली, आणि माझी लागली जनगणनेची ड्यूटी. मी म्हटलं, "अगं, ताज कुठं पळून जातोय?" त्याऐवजी एसटीनं वणीला जाऊन देवीचं दर्शन घेतलं आणि परत आल्यावर मेनरोडच्या एका स्टुडिओत, ताजमहाल रंगवलेल्या पडद्यासमोर फोटो काढला. फोटोत एक मिनार माझ्या खांद्यामागं गेलाय. दर दिवाळीला तो फोटो पुसताना ती म्हणायची, "एकदा खऱ्यासमोर काढायचा हं." मी म्हणायचो, "काढू की." अशा तीस दिवाळ्या गेल्या.

मी रिटायर झालो तेव्हा मुलीनं आणि जावयानं त्या राजेशाही गाडीचं बुकिंगच हातात ठेवलं. दिल्ली, जयपूर, आग्रा, काशी. मुलगी म्हणाली, "बाबा, सगळं ते लोक बघतील. तुम्ही फक्त आईला ताज दाखवायचा." काम किती? एक!

गाडी काय वर्णावी! डब्यात गालिचे, पितळी दिवे, सागवानी पलंग. फेटेवाला माणूस दिसेल तिथं वाकून नमस्कार करायचा, मीही करायचो, मग पुन्हा तो. एकदा बोळात आम्ही दोघं पाच मिनिटं अडकलो. मी सवयीनं बॅग साखळीनं पलंगाच्या पायाला बांधली आणि चपला दाराबाहेर काढल्या. सकाळी चपला पॉलिश होऊन परत आल्या. रबरी चपला, हो! शैला इतकी हसली, की तिला ठसका लागला. तशी हसलेली मी तिला किती दिवसांनी बघत होतो.

आग्र्याला पोचलो गुरुवारी. सकाळी किल्ला, दुपारी ताज, संध्याकाळी गाडी पुढं. शैलानं फोटोतलीच डाळिंबी पैठणी नेसली होती. येवल्याची, तिच्या लग्नातली. पर्समध्ये तो स्टुडिओतला फोटो. "तसंच उभं राहायचं," मला दोनदा बजावलं. "फक्त या वेळी मिनार झाकू नका."

किल्ल्यात गाईड सांगत होता, बादशहाला मुलानं इथं कोंडलं, या खिडकीतून तो ताजकडे बघत बसायचा. सगळे हळहळले. मी हात वर केला. "और हमारे महाराज को किधर रखा था?"

"बाहर उनका स्टैच्यू है सर. बस में से दिख जाएगा."

बसमधून? माझ्या महाराजांना मी बसमधून बघायचं? "स्टैच्यू नहीं. जिधर कैद किया, वो जगह."

"पक्का किसी को मालूम नहीं सर. प्रोग्राम में भी नहीं है."

झालं! एकतीस वर्षं जो धडा मी डोळे मिटून शिकवला, त्याची जागा कुणाला माहीत नाही? माझ्यातला मास्तर उठून उभा राहिला. शैलानं बाही ओढली. "अहो, आधी ताज बघू या ना."

"अगं, तीनपर्यंत थेट ताजच्या दारात पोचतो. ताज कुठं पळून जातोय?"

तेच वाक्य. तीस वर्षांनी, त्याच बाईला! आणि तीही आली बिचारी माझ्याबरोबर. म्हणाली, "तुम्ही एकटे गेलात तर चारलाही यायचा नाहीत."

बाकीचे बसनं ताजकडे गेले, आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला भला माणूस. "बैठिए मास्टरजी, हमें सब पता है." त्यानं पहिल्यांदा नेलं एका पडक्या हवेलीत. तिथं मुलींची शाळा भरत होती. दुसऱ्या ठिकाणी नेलं, तर बटाट्याचं कोल्ड स्टोरेज! म्हणजे नाशिकजवळ पिंपळगावात द्राक्षांचं दिसतं तेच बघायला मी आग्र्याला आलो होतो. तरी मी फाटकापासून पावलं मोजली. हमाल गोळा झाले. माणसं गोळा झाली की माझं काय होतं, ते शाळेतल्या घंटेला विचारा. मी धडा सुरू केला, माझ्या हिंदीत. "तब महाराज ने बीमारी का सोंग लिया!" हमालांनी टाळ्या वाजवल्या. मागं शैला घड्याळ बघत होती. ते मला दिसलं होतं. दिसूनही मी पेटाऱ्यांपर्यंत आलोच.

अडीच वाजले. "बस, एक आखिरी जगह," रिक्षावाला म्हणाला, आणि एका पेठेवाल्याच्या दुकानापुढं थांबला. तिथं बांबूची ही एवढाली टोपली. आग्र्याच्या त्या पेठ्याच्या मिठाईसाठी कोहळे आणतात त्यातून. मी म्हटलं, महाराजांचा पेटारा असाच असणार. पेठेवाल्यानं ते ऐकलं आणि शंका काढली, "मास्टरजी, इसमें आदमी कैसे बैठेगा?"

आता तुम्हीच सांगा, मास्तरानं शंकेचं निरसन करायचं की नाही?

"अहो, नका," शैला म्हणाली. पण मी चपला काढल्या होत्या. एक पाय आत, दुसरा पाय आत, गुडघे छातीशी, मान खाली. "ऐसे!" मी आतून ओरडलो. बाहेर टाळ्या. मग मी उठायला गेलो.

गुडघे म्हणाले, नाही.

"अहो, निघा ना!"

"निघतोच आहे! निघत नाहीये!"

पेठेवाला हात ओढतोय, रिक्षावाला टोपली ओढतोय. "साँस छोड़िए मास्टरजी!" टोपली आडवी केली, तर मी तिच्यासकट गडगडलो. शेवटी सुरीनं कामट्या कापायचं ठरलं. एकेक कामटी, माझी पाठ सांभाळून. महाराज पेटाऱ्यातून निसटले, आणि त्यांचा धडा शिकवणारा पेटाऱ्यात अडकला! मला बाहेर काढलं तेव्हा साडेचार झाले होते. पायांना मुंग्या आलेल्या, दहा मिनिटं उभंच राहता येईना.

मग रस्त्यात लग्नाची वरात. मग ट्रॅफिक. हिवाळ्याचे दिवस, सूर्य काही आमच्यासाठी थांबला नाही. ताजच्या दाराशी पोचलो तेव्हा तिकिटाची खिडकी बंद झाली होती.

"अब नहीं माताजी," शिपाई म्हणाला. "और कल शुक्रवार, छुट्टी है."

शैलानं त्याला विचारलं, "इधर से थोड़ा भी नहीं दिखता क्या?"

"नहीं माताजी."

तिनं पैठणीचा पदर सावरला. मला वाटलं, आता बोलेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चला, गाडी चुकेल."

रात्री जेवणात गोड म्हणून काय यावं? साखरेचा ताजमहाल! शैलानं चमच्यानं घुमट उचलला आणि माझ्या ताटलीत ठेवला. "घ्या," म्हणाली. मी तो खाल्ला. इतका कडू गोड पदार्थ मी आयुष्यात खाल्ला नाही.

पुढं काशी. तिथं गेल्यावर आवडीचं काहीतरी सोडायचं असतं, तुम्हाला ठाऊक आहेच. मी कारलं सोडलं. हो, मला कारलं आवडत नाही, पण मास्तरकी सुटते का? घाटावर शैलानं डोळे मिटून ओंजळीतलं पाणी सोडलं. मी विचारलं, "तू काय सोडलंस?" म्हणाली, "असंच, एक जुनी सवय."

घरी परतल्यावर मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की." ती "हं" म्हणाली. फोटोवरची धूळ मात्र तिनं पुसली नाही.

दोन महिन्यांनी तिनं डिंकाचे लाडू करायला काढले. तिची बहीण, माई, पंचवटीत राहते. "माईला गुडघ्यांसाठी," म्हणून रोज एक उंच स्टीलचा डबा मीच स्कूटरवरून पोचवायचो. पहिल्या दिवशी भाजीबाजाराजवळ थांबून उघडला. वर लाडू होते, दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशीही खाल्ले. मग कंटाळलो. डबा जड लागायचा, पण डिंक जडच असतो.

पाचव्या दिवशी ती लवकर झोपायला गेली. "डोकं दुखतंय. सकाळी उठवू नका." मी बाहेरच्या खोलीत पथारी टाकली.

सकाळी दारातून पाहिलं. गोधडी डोक्यापर्यंत. बाहेर फक्त हात, हातात तिच्या हिरव्या बांगड्या. मी पाय न वाजवता माझा मी चहा केला. नऊ वाजता कामाच्या लताबाई आल्या. "बाई उठल्या नाय अजून? लय वेळ झाला."

मी तोंडावर बोट ठेवलं. "शूऽऽ! डोकं दुखतंय तिचं. गोंगाट करू नका."

आता हसताय ना? मला तेव्हाही कळलं नाही, हो!

कळलं ते लताबाईंनी गोधडी ओढली तेव्हा. दोन उशा, एक लोड, आणि कापूस भरलेल्या पायमोज्यावर चढवलेल्या बांगड्या. पायमोजा माझाच. "अरे देवा," लताबाई म्हणाल्या, "सर, बाई तर नायच!"

उशीखाली चिठ्ठी. "माईबरोबर आग्र्याला जाते. साध्या डब्यात आहोत, काळजी नको. माझे कपडे पोचवल्याबद्दल आभार. काशीला काय सोडलं विचारत होता ना? तुमची वाट बघणं सोडलं."

मी खाली बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी माईनं फोटो पाठवला. मागं खरा ताज, चारही मिनार मोकळे. डाळिंबी पैठणीतली शैला संगमरवरी बाकाच्या एका टोकाला बसलीय, ठसका लागेल इतकी हसतेय. बाकाचं दुसरं टोक रिकामं आहे. तिथं माणूस मावेल एवढी जागा तिनं सोडली होती, आणि तो माणूस नाशिकला लाडूचा रिकामा डबा घासत होता.

एकतीस वर्षं मी पेपरात प्रश्न घालायचो. कारणे द्या: पहारेकरी फसले. पोरं लिहायची, मिठाईमुळे, आळसामुळे. मी पूर्ण गुण द्यायचो. सगळ्यांची उत्तरं चूक होती, आणि माझंही. पहारेकरी बावळट नसतो हो. त्याला फक्त खात्री असते, की ही कुठं पळून जातेय?